मदत हवी आहे : साखळी प्रार्थना रात्री २ नंतर तुटते

जालना तालुक्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीकडून सर्वांना सलाम. अतिवृष्टीत सोयाबीन गेलेल्या घरांसाठी शनिवारी संध्याकाळी ६ ते सकाळी ६ साखळी प्रार्थना असते. अर्ध्या तासाच्या २४ पाळ्या, प्रत्येकीत दोघं. सुरुवातीला बायबलमधलं स्तोत्र १३ मोठ्यानं. सहाच वचनं, पण देवाला ‘कोठवर?’ विचारायची मोकळीक देणारी. मग त्या घरांची नावं घेऊन मध्यस्थी, म्हणजे त्यांच्यासाठी देवाकडे विनंती.

२ नंतर मात्र पुढची जोडी यायच्या आतच आधीची उठते. पाळ्या दहा मिनिटं एकमेकींवर चढवाव्यात का? प्रार्थनेत कर्जाचे आकडे उघड होतात, घरची माणसं अवघडतात. हे पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) कसं थांबवावं?

आणि बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ३:१७-१८ नुकसानीच्या घरात लगेच वाचावं का? शेतं पिकली नाहीत तरी आनंद करीन, हे शब्द खरेच आहेत, पण पहिल्याच आठवड्यात ते जखमेवर बोट ठेवल्यासारखे होतात, असं वाटतं.