आधी डोक्याचं माप भरा

हेडफोनवर आभासी स्टुडिओ (स्पीकर लावलेल्या खोलीत बसून ऐकल्याचा भास देणारं प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) लावला की गायकाचा आवाज लांब गेल्यासारखा, धूसर वाटतो म्हणून प्लगइन काढून टाकलं, असं एकाने लिहिलंय. तक्रार खरी आहे, पण काढण्याआधी एक गोष्ट जरूर करून बघा. वेव्हज कंपनीच्या एनएक्स या अशाच प्लगइनमध्ये डोक्याचा घेर आणि मागच्या बाजूने कानापासून कानापर्यंतचं माप भरता येतं. बहुतेक जण तयार आकडेच ठेवतात. समोरून ३० अंश डावीकडे असलेल्या स्पीकरचा आवाज उजव्या कानाला डाव्यापेक्षा जेमतेम पाव मिलिसेकंद उशिरा पोचतो. सगळा भास अशा बारीक फरकांवर उभा असतो, त्यामुळे शिंप्याची टेप घेऊन पाच मिनिटं घालवाच. माझ्याकडे तेवढ्यानेच आवाज समोर येऊन बसला.

दुसरं, रिव्हर्बचा, म्हणजे गाण्याला जोडायच्या घुमाऱ्याचा, निर्णय मात्र त्या आभासी खोलीत घेऊ नका. एका अभंगाच्या मिक्समध्ये मी तिथेच ऐकून रिव्हर्ब कमी केला होता. खोलीचा घुमारा आधीच कानात होता ना! साध्या इअरफोनवर टाळ कोरडे, टोचणारे लागले. आता पॅनिंग (कोणता आवाज डावीकडे, कोणता उजवीकडे) आणि डग्ग्याची पातळी त्या खोलीत ठरवतो, रिव्हर्ब मात्र आभासी स्टुडिओचं प्लगइन बंद करून. आणि फाइल एक्स्पोर्ट करतानाही ते बंदच हवं.