मदत हवी आहे: घरचा फाइल सर्व्हर मळ्यातून उघडायचाय, पण सगळ्या जगाला दार उघडं न ठेवता

नमस्कार मंडळी. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो, द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात, तिकडचं सगळं दादा बघतो. मागच्या सीझनला ऐन फवारण्यांच्या दिवसांत दादाचा फोन पाण्याच्या टाकीत पडला तो गेलाच, त्यात फवारणीच्या वहीच्या पानांचे फोटो, औषधांची बिलं, दोन प्लॉटचे रेसिड्यू रिपोर्ट (द्राक्षात औषधाचा अंश किती राहिला ते), सगळं होतं. वही होती, पण ओल्या हातांनी पानं उलटून उलटून शाई पसरलेली. युरोपला माल जायचा तर कुठल्या तारखेला कुठलं औषध किती मारलं आणि त्यानंतर किती दिवसांनी काढणी हे विचारतातच, तिथे आठवणीवर सांगून चालत नाही. दादा आणि वहिनी दोन रात्री बिलांवरून तारखा जुळवत बसले होते, ते मला परत बघायचं नाहीये.

म्हणून घरी जुन्या आय३ डेस्कटॉपवर डेबियन (लिनक्स) टाकलं, २ टीबीच्या दोन डिस्क लावल्या, सांबाने (नेटवर्कवर फोल्डर शेअर करायचं सॉफ्टवेअर) शेअर केलं. घरच्या वायफायवर एकदम मस्त चालतं. प्रश्न आहे तो मळ्यातून पोचायचा.

आधी मी राउटरमध्ये २२ नंबरचा पोर्ट फॉरवर्ड केला होता, म्हणजे बाहेरून येणारं कनेक्शन थेट सर्व्हरकडे वळवलं होतं, आणि दादाच्या फोनवर एसएफटीपीचं (फाइली पाठवायचं) ॲप दिलं होतं. चाललं पण. आठवड्याने सहज लॉग उघडला तर स्क्रीन संपेचना, रूट, ॲडमिन, टेस्ट, पाय, अशा नावांनी कोणीतरी सारखं लॉगिन करून बघतंय, रात्री दोन वाजता, पहाटे चारला, दर काही सेकंदांनी. कोणी आत आलेलं दिसलं नाही, पण पासवर्डवर लॉगिन चालू ठेवलेलं होतं त्यामुळे पोटात गोळाच आला, त्याच रात्री पोर्ट बंद केला.

आता महिनाभरापूर्वी नेटवाल्याने प्लॅन बदलला तेव्हापासून राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.७२ ने सुरू होणारा दिसतो आणि ब्राउझरमध्ये माझा आयपी शोधला तर भलताच येतो. वाचल्यावर कळलं की हे सीजीनॅट, म्हणजे बऱ्याच घरांना मिळून एकच पब्लिक आयपी, बाहेरून येणारं कनेक्शन माझ्या राउटरपर्यंत येतच नाही. म्हणजे पोर्ट फॉरवर्ड करायचा म्हटला तरी उपयोग नाही.

माझ्यासमोर तीन रस्ते आहेत: नेटवाल्याकडून जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी (न बदलणारा, फक्त माझा पब्लिक पत्ता), मुंबईतला एखादा छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन त्यावर वायरगार्ड (दोन मशीनमध्ये खाजगी एन्क्रिप्टेड बोगदा करणारं व्हीपीएन), नाहीतर टेलस्केल (असं व्हीपीएन आपोआप जुळवून देणारी सेवा). दादाला रोज काही चालू-बंद करायला लावायचं नाही, मळ्यात रेंज कधी असते कधी नसते, आणि एक्सपोर्टरच्या माणसाला अधूनमधून एखादा रिपोर्ट दाखवावा लागतो. तुम्ही काय कराल? ज्यांनी स्वतः चालवलंय त्यांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद, नाशिकरोडवरून:

भाऊ, पोर्ट बंद केला ते बेस्ट केलं. आणि कोणी कितीही सांगितलं तरी सांबाचा ४४५ नंबरचा पोर्ट बाहेर उघडू नका, २०१७ चं वॉनाक्राय (फाइली लॉक करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर) विंडोजमधल्या याच फाइल शेअरिंगच्या खिंडारातून पसरलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये तसल्याच डेडबोल्टने थेट इंटरनेटवर ठेवलेल्या क्यूनॅप कंपनीच्या नॅस (नेटवर्कवर फाइली साठवायच्या) पेट्यांमधल्या फाइली लॉक केल्या आणि प्रत्येकाकडे ०.०३ बिटकॉइन मागितले, त्यात साध्या घरगुती लोकांचे फोटो होते.

तुमच्यासाठी टेलस्केल. आत वायरगार्डच असतं, पण दोन्ही बाजूंनी बाहेरच्या दिशेने कनेक्शन निघतं म्हणून सीजीनॅट आडवं येत नाही. थेट रस्ता नाही जुळला तर त्यांच्या रिलेवरून (मधल्या सर्व्हरवरून) जातं, जरा स्लो होतं पण डेटा एन्क्रिप्टेडच राहतो. स्टॅटिक आयपी घेऊन घरीच वायरगार्ड ठेवणं पण चांगलं, यूडीपीचा एकच पोर्ट उघडावा लागतो आणि ज्याच्याकडे की (डिजिटल किल्ली) नाही त्याला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे स्कॅन करणाऱ्याला काही दिसत नाही. व्हीपीएस घेतला तर आणखी एक मशीन अपडेट ठेवायचं काम मागे लागतं, आत्ता नको.

तीन गोष्टी विसरू नका. ज्या ईमेलने टेलस्केल लावाल त्याला टू-स्टेप लावा, कारण घराची किल्ली आता तीच. सर्व्हरची की एक्सपायरी बंद करा, नाहीतर १८० दिवसांनी तो गपचूप बाहेर पडेल आणि नेमका काढणीत पडेल. दुसरी डिस्क फक्त आरशासारखी ठेवू नका, चुकून डिलीट झालं तर दोन्हीकडून जातं, आठवड्याचा बॅकअप तिसऱ्या डिस्कवर घेऊन ती काढून कपाटात ठेवा.

दादाच्या फोनवर फोल्डरसिंकसारखं ॲप लावा आणि सिंक एकाच दिशेने ठेवा, फोनकडून सर्व्हरकडे. रेंज नसेल तर फोटो फोनमध्येच राहील आणि मग सावकाश जाईल. फोनमधून उडाला तरी सर्व्हरवरून उडता कामा नये, हे सेटिंग नीट बघा. एक्सपोर्टरच्या माणसासाठी सर्व्हर उघडायची काही गरज नाही, पीडीएफ व्हॉट्सॲपला पाठवा.

धागाकर्ता:

खूप आभार, तुमच्यामुळे डोक्यावरचं ओझं उतरलं. काल रात्री लावलं. टेलस्केलनेपण सर्व्हरला १००.९० च्या पुढचा, १०० ने सुरू होणारा आकडा दिला तेव्हा वाटलं परत तेच सीजीनॅट, मग कळलं की तोच १००.६४ ते १००.१२७ चा पट्टा ते वापरतात. आज सकाळी दादाने मळ्यातून ट्राय केलं, टेलस्केल पिंगला (कनेक्शन तपासायच्या चाचणीला) पहिली तीन उत्तरं रिलेवरून आली आणि मग थेट झालं. वहीच्या पानाचा फोटो काढला, इकडे फोल्डरमध्ये तारखेसकट दिसला, डावनीच्या (बुरशीच्या रोगाच्या) औषधाचं नाव नीट वाचता येत होतं. वहिनीच्या फोनवरपण लावलंय.

आता एकच अडचण राहिली. दुपारी लाइट गेली आणि आल्यावर राउटर आपोआप चालू झाला पण डेस्कटॉप बंदच, मी ऑफिसात, दादा म्हणतो उघडत नाहीये. संध्याकाळी घरी येऊन बटण दाबलं तेव्हा चालू झाला. यावर काही आहे का?

प्रतिसाद, नाशिकरोडवरून:

आहे की. बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) पॉवर मॅनेजमेंटखाली एसी पॉवर लॉस किंवा रिस्टोअर अशा नावाचं काहीतरी असतं, ते पॉवर ऑन वर ठेवा, लाइट आली की मशीन स्वतः उठेल. आणि सारखी लाइट जात असेल तर छोटा यूपीएस घ्याच, धाडकन बंद होऊन डिस्क खराब होण्यापेक्षा बरं. राउटर आणि नेटवाल्याची फायबरची डबी दोन्ही त्याच यूपीएसवर लावा.