प्रवाळांच्या मोजणीत भारताने जास्त पैसा घालावा का?

तापीकाठ (भुसावळ): जगभरातल्या प्रवाळांवर, म्हणजे समुद्रतळाशी वसाहत करून राहणाऱ्या बारीक जीवांवर, लक्ष ठेवणारं आंतरराष्ट्रीय जाळं १९९५ पासून काम करतंय. २०२१ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात ७३ देशांतल्या नोंदी आहेत, आणि २००९ ते २०१८ या काळात जगातलं सुमारे १४ टक्के प्रवाळ गेल्याचं त्यातून कळलं. पाणबुडे तळाशी मोजपट्टी अंथरतात. पट्टीखाली जिवंत प्रवाळ किती, मेलेलं किती, शेवाळ किती ते टिपून घेतात. लक्षद्वीपची पद्धत एक आणि मालदीवची दुसरी असेल तर आकडे शेजारी ठेवून उपयोग काय? म्हणून हे काम सगळ्या देशांनी मिळूनच व्हायला हवं, आणि भारताने त्यात हात आखडता घेऊ नये.

केळीवाला (रावेर): भाऊ, मोजून वाचलं काय? २०२३ पासूनच्या उष्णतेत जगातल्या ८० टक्क्यांहून जास्त प्रवाळ क्षेत्राला ब्लीचिंग होईल, म्हणजे प्रवाळ पांढरं पडेल, इतका ताप बसला. मोजणारे तेव्हाही होतेच. आमच्या मंडळातलं हवामान केंद्र मे महिन्यात पारा नोंदवतं, तरी बागेची पानं करपतात आणि घड सटकतात ते सटकतातच.

तापीकाठ: पण त्याच नोंदीवर फळपीक विमा मिळतो ना? प्रवाळांचंही तसंच. समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद अंशाने जरी वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्यातलं शैवाल बाहेर टाकून पांढरं पडतं. उपग्रहावरून हे आधी कळतं. २०१६ मध्ये थायलंडने डायव्हिंगच्या काही जागा बंद केल्या, त्या अशाच नोंदी बघून. आजारी प्रवाळावर निदान माणसांचा भार तरी पडला नाही.

अमळनेरची लेक: दोघांच्याही बोलण्यात लक्षद्वीपची माणसं कुठेच नाहीत. ती बेटंच प्रवाळांवर उभी आहेत. तिथले मच्छीमार गळाने टुना धरतात, त्याचं जिवंत आमिष लगूनमधून, म्हणजे प्रवाळांच्या कड्याआडच्या उथळ पाण्यातून, येतं. रोज त्या पाण्यात असणाऱ्याला पट्टी टाकायला शिकवा, मजुरी द्या. बाहेरून वर्षातून एकदा येणाऱ्या बोटीपेक्षा त्याची नोंद मला जास्त मोलाची वाटते.

केळीवाला: ताईंचं पटलं. विम्याचं मात्र नाही, कारण विमा नुकसान झाल्यावर येतो आणि मेलेलं प्रवाळ भरपाईने परत उगवत नाही. समुद्र तापतो तो कोळशाच्या धुरानेही, आणि दीपनगरच्या वीज केंद्राची धुराडी आपण रोज बघतो. कोळसा कमी करायची अट ज्या करारात नाही, त्यातल्या मोजणीला माझा विरोधच राहील.

तापीकाठ: अट घालायलाच हवी, त्यात वाद नाही. पण ती मान्य होईपर्यंत मोजणी थांबवली, तर काय गेलं आणि किती गेलं हे वाटाघाटीत कशाच्या जोरावर सांगणार?