अमेरिकन वकिलात अहमदाबादला येणार, यात बडोद्याचा काय फायदा?

रावपुरेकर:
अमेरिकेने जून २०२३ मध्ये बंगळुरू आणि अहमदाबादला नव्या वकिलाती काढायचं जाहीर केलं. बंगळुरूची जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. गुजरात मात्र अजून मुंबईच्या वकिलातीच्याच हद्दीत. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोवाही तिथेच. एवढ्या कारखानदारीला एकच दार, हे मला पटत नाही. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतलं (औद्योगिक वसाहतीतलं) छोटं युनिट घ्या. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचा पंप बंद पडला, माणूस पाठवायचाय. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळेल तेव्हा मिळेल. मग रात्रीची गाडी, सकाळी मुंबईत बीकेसीतली वकिलात, आत मोबाईल-बॅग नेऊ देत नाहीत म्हणून त्या ठेवायला जागा शोधा. मोठ्या कंपन्यांत यासाठी वेगळा माणूस असतो. इथे बिलं करणारा मालकच व्हिसाचे फॉर्मही भरतो. अहमदाबादसाठी आपल्या लोकांनी नेट लावायलाच हवा.

सावलीवाला:
दादा, वकिलात जवळ आली म्हणून धंदा येत नाही. टाटा-एअरबसचा सी-२९५ विमानांचा कारखाना आपल्याकडे आला, ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटनाला स्पेनचे पंतप्रधान सांचेझ स्वतः हजर होते. स्पेनची वकिलात होती का बडोद्यात? बडोद्याजवळच्या सावली गावात फ्रान्सची अल्स्टॉम कंपनी मेट्रोचे डबे बनवते, फ्रान्सचीही वकिलात मुंबईतच. कारखाने येतात ते जमीन, वीज, रस्ते आणि एम. एस. युनिव्हर्सिटीतून निघणारी पोरं बघून. तारखा लांबतात त्या मुलाखत घेणारे कमी पडतात म्हणून. तेवढीच माणसं दोन शहरांत वाटली तर काय साधणार?

मांजलपूरची ताई:
कागदपत्रांचं म्हणाल तर भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, म्हणजे त्यातल्या देशांत कागदांवर वकिलातीचा शिक्का लागत नाही. अमेरिकेसाठी पदवीवर परराष्ट्र खात्याचा शिक्का पुरतो. यूएई त्या करारात नाही, म्हणून दुबईला निघालेल्यांना वकिलातीचा शिक्काही लागतो. आपल्याकडची किती मुलं तिकडे जातात! माझं मत विचाराल तर आधी यूएईच्या वकिलातीसाठी अर्ज करा.

रावपुरेकर:
ताई, तुमचा मुद्दा एकदम मान्य. सावलीवाले, एअरबससाठी पंतप्रधान येतात, वीस कामगारांच्या युनिटसाठी कोण येणार? व्यापारी संबंध वाढवणं हे वकिलातीचं काम म्हणून १९६३ च्या व्हिएन्ना करारातच लिहिलंय. तो अधिकारी अहमदाबादला बसला तर एक्सप्रेसवेने सकाळी येऊन चार युनिटं बघून संध्याकाळी परत जाईल.

सावलीवाला:
मग मुंबईच्या अधिकाऱ्याला आजच बोलवा की. फेडरेशन ऑफ गुजरात इंडस्ट्रीजचं ऑफिस इथेच आहे, पत्र त्यांच्याकडून जाऊ द्या. तो आला तर मकरपुऱ्यात फिरवायला मी येतो.