कनेक्शन स्ट्रिंगमधला पासवर्ड काढायचा की ठेवायचा?

कुपवाडकर
सांगलीतल्या एका हळद पेढीचं काम करताना एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचा पासवर्ड बदलायची वेळ आली. तो १४ कॉन्फिग फायलींत निघाला, प्रत्येकीत कनेक्शन स्ट्रिंगमध्ये, म्हणजे ॲपनं डेटाबेसला कसं जोडायचं ते सांगणाऱ्या ओळीत. एक फाइल तर वजनकाट्याशेजारच्या पीसीवर, हमालानंसुद्धा उघडून वाचावी अशी. यार्डात सौदे सुरू असताना बदलला असता तर काटाच थांबला असता. माझं मत पक्कं झालंय: युजर-पासवर्ड काढा, 'इंटिग्रेटेड सिक्युरिटी' लावा, म्हणजे विंडोजच्या खात्यानंच डेटाबेसला जोडा. ॲपची सर्व्हिस 'ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट'वर चालवा; हे खातं डोमेन, म्हणजे सगळ्या पीसींची खाती एका जागी ठेवणारी विंडोजची व्यवस्था, सांभाळतं. विंडोज सर्व्हर २०१२ पासून ही सोय आहे. पासवर्ड डोमेनच बदलतं, एरवी दर ३० दिवसांनी, आणि तो कुणाला माहीतही नसतो.

मिरजेचा डीबीए
दादा, सहा पीसींच्या पेढीत डोमेन आणायचं कुठून? आणि जिथं आहे तिथं सर्व्हरचा एसपीएन, म्हणजे डोमेनमधलं सर्व्हिसचं नाव, नोंदवला नसेल तर करबेरॉस ही तिकिटावर ओळख पटवायची पद्धत सुटते, जोडणी गुपचूप एनटीएलएम या जुन्या पद्धतीवर येते. मग वेब सर्व्हर वेगळ्या मशीनवर असला की युजरची ओळख पुढं डेटाबेसपर्यंत जात नाही. 'लॉगिन फेल्ड फॉर युजर एनटी ऑथॉरिटी अनॉनिमस लॉगऑन', ही ओळ बघत मी दोन रात्री काढल्यात. शिवाय घड्याळं ५ मिनिटांपेक्षा जास्त मागंपुढं झाली की तिकीट नामंजूर. आपल्याकडं लाइट जाते, बायोसची बॅटरी मेलेली असते, पीसी उठतो तो जुनीच तारीख घेऊन.

कुपवाडकर
युजरची ओळख पुढं पाठवूच नका. ॲपनं स्वतःच्या अकाउंटनं जोडावं, मग वेब सर्व्हरकडून डेटाबेसकडं ओळखीची ती दुसरी उडी लागतच नाही. डोमेन नसेल तिथं तुमचं बरोबर, पण निदान 'एसए', म्हणजे डेटाबेसचं सर्वाधिकारी खातं, तरी काढा हो.

तासगाव लिनक्सवाला
आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. जीएसएस, म्हणजे करबेरॉसनं लॉगिन, लावलं, खात्याची गुप्त किल्ली असलेली कीटॅब फाइल ठेवली. ती कॉपी केली की दुसऱ्या मशीनवरूनही त्या अकाउंटचं तिकीट मिळतं. म्हणजे गुपित गेलं नाही, फक्त फाइल बदलली. परवानगी ६०० केलीय, म्हणजे फक्त मालकानंच वाचावी-लिहावी, तरी मन खात नाही असं नाही.

विट्याची हिशेबनीस
दर कुणी बदलला, हे मला ऑडिटला लागतं. सगळे एकाच ॲप अकाउंटनं आले तर सांगणार काय? माणूस ज्याच्या त्याच्या नावानंच आत यायला हवा.

कुपवाडकर
ताई, मग प्रत्येकाचा कनेक्शन पूल, म्हणजे पुन्हा वापरायला उघड्या ठेवलेल्या जोडण्यांचा साठा, वेगळा होतो आणि सर्व्हरवर जोडण्या वाढत जातात. एसक्यूएल सर्व्हर २०१६ पासून सेशन कॉन्टेक्स्ट आहे, म्हणजे जोडणीपुरती माहिती ठेवायची जागा. जोडणी उघडली की युजरचं नाव त्यात भरा, ट्रिगर, म्हणजे डेटा बदलला की आपोआप चालणारा डेटाबेसमधला कोड, ते वाचून नोंद करेल.

विट्याची हिशेबनीस
ते नाव तुमच्या कोडनं सांगितलेलं. डेटाबेसनं कुठं तपासलं? हळदीचा दर क्विंटलला शंभरनं बदलला आणि शेतकरी दारात आला, तर मी त्याला कोडचा शब्द दाखवू?