जुनी हॅचबॅक (२०१८, पेट्रोल) घ्यावी का? मालकांच्या तक्रारी वाचून घाबरले आहे

राऊवाली
नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला, राऊच्या बाजूला राहतो. मला रोज विजय नगरला ऑफिस, आणि अधूनमधून सासूबाईंना घेऊन ओंकारेश्वर. म्हणजे सिमरोल, भेरू घाट, बडवाह असा रस्ता. देवास नाक्याजवळ एका डीलरकडे लहान हॅचबॅक पाहिली. जीजे ०६ पासिंग, म्हणजे बडोद्याची. दुसरा मालक, मधलं व्हेरिएंट, आतून-बाहेरून चकाचक. डीलर म्हणतो, "मॅडम, मक्खन गाडी है." भाव बाजारापेक्षा बराच कमी आहे आणि मला तेच खुपतंय.

याच मॉडेलच्या मालकांनी नेटवर काय लिहिलंय ते वाचलं. अॅव्हरेज, एसी वगैरे रडगाणी सोडून दिली. पण तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येतात: चालता चालता स्टिअरिंग एकदम जड होणं, एअरबॅगचा दिवा लागणं, आणि सिग्नलजवळ वेग कमी केला की इंजिन बंद पडणं. हे म्हणतात, ज्यांची गाडी नीट चालते ते कशाला लिहायला बसतील. यातलं खरंच गंभीर काय, आणि ही गाडी तपासायची कशी? मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा कंपनीच्या भांडणात जाईल.

पाना_पेचकस
ताई, तुमच्या ह्यांचं अर्धं बरोबर आहे. "बकवास गाडी, घेऊ नका" ही तक्रार नाही, तो राग आहे. ज्या तक्रारीत किती किलोमीटर झाले होते, गाडी गरम होती की थंड, कुठला दिवा लागला, काय बदलल्यावर थांबलं हे असतं, ती वाचायची. असं चार वेगळ्या गावांचे लोक एकसारखंच सांगत असतील तर त्यात दम आहे.

तुमच्या तिन्हींत मला इंजिन बंद पडण्याची भीती सगळ्यात जास्त. लोक एअरबॅगला घाबरतात, पण चालत्या गाडीत इंजिन गेलं की ब्रेकचा बूस्टर (पेडल हलकं करणारा डबा) साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन दाब काम करतो. मग पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंगची मदतही जाते. भेरू घाटाच्या उतारावर ते नको. कारण कधी साधं असतं, थ्रॉटल बॉडीत (इंजिनात हवा सोडणारी झडप) कचरा. कधी फ्यूल पंप, कधी बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचं वायरिंग. गुजरातची गाडी आहे, डिकीचा गालिचा उचला. किट काढून विकली असेल तर फ्रेमच्या बोल्टची भोकं दिसतील.

बूस्टर तपासायला पैसे लागत नाहीत. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबा, पाय तसाच दाबून ठेवा आणि गाडी चालू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे.

स्टिअरिंग आता बहुतेक इलेक्ट्रिक असतं आणि करंट खूप खातं. बॅटरी कमजोर असेल किंवा अर्थिंग ढिलं असेल तरी दिवा लागून ते जड होतं. म्हणून आधी बॅटरी तपासा, मोटरवर नंतर या. पण डीलरने "बैटरी का है बस" म्हटलं तर नवी बॅटरी त्यालाच टाकायला सांगा आणि मग चालवून पाहा.

छप्पनवाला
एवढा विचार करून लोक लग्नही करत नाहीत. माझी बेस मॉडेल आहे, एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, मस्त चालतेय. राऊ ते विजय नगर ट्रॅफिकमध्ये चाळीसच्या वर काटा जातो कुठे? भाव कमी आहे ना, घेऊन टाका.

पाना_पेचकस
भिया, ओंकारेश्वरला पण चाळीसनेच जाणार का? २०१४ मध्ये ग्लोबल एनसीएपी या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने ताशी ६४ किलोमीटरवर गाड्या आदळून पाहिल्या. पोलोची एअरबॅग नसलेली आवृत्ती मोठ्यांच्या सुरक्षेत शून्य तारे, दोन एअरबॅगवाली चार तारे. मॉडेल एकच. म्हणून "या मॉडेलला इतके तारे" असं कोणी म्हणालं की कुठलं व्हेरिएंट ते विचारायचं.

ताई, २०१८ साल इथेच अडचणीचं आहे. सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून, ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या गाडीत काय आहे ते व्हेरिएंटवर. डीलरच्या तोंडावर जाऊ नका.

दिव्याचं सांगतो. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत आपोआप विझला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब काढलाय. आणि इंजिन चालू केल्यावरच, ऑइलच्या दिव्याबरोबर विझला, तर वायर त्याला जोडून दिलीय. गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचणारा स्वस्तातला ओबीडी स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतो, तेव्हा एसआरएस, म्हणजे एअरबॅगची यंत्रणा, वाचणारा स्कॅनर असलेला माणूस न्या.

पण दिवा नीट विझला म्हणजे एअरबॅग ठीक, असंही नाही. टकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरमधला (एअरबॅग फुगवणारा डबा) अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने खराब होत गेला आणि उघडताना लोखंडी कवचच फुटलं, त्याचा दिवा कुठे लागत होता? असले दोष रिकॉलमधूनच (कंपनी सदोष गाड्या दुरुस्तीला परत बोलावते तेव्हाच) कळतात. कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकून पाहा, किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा. रिकॉलचं काम फुकट होतं, मालक कितवाही असो.

विश्वामित्रीकाठ
बडोद्याहून लिहितोय. ताई, भाव कमी आणि जीजे ०६, हे वाचून राहवलं नाही. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी २६. समा, फतेगंज, अकोट्याकडे पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. मगरी रस्त्यावर आल्या ते फोटो सगळ्यांनी पाहिले, गाड्यांचं पुढे काय झालं ते कोणी विचारलं नाही. आमच्या सोसायटीतल्याही काही धुऊन-पुसून बाहेरगावी गेल्या.

एअरबॅगचा कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत गिअरजवळ, अगदी फरशीला असतो. गुडघाभर पाण्यातही तो बुडतो. तुम्ही वाचलेल्या तिन्ही तक्रारी भिजलेल्या कनेक्टरनेही होऊ शकतात. तेव्हा मॉडेलला दोष देण्याआधी गाडी बुडालेली नाही ना ते पाहा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या पट्ट्यावर मातकट रेघ राहते, ती धुणाऱ्याच्या लक्षात येत नाही. सीटच्या रुळांवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ. जुन्या गाडीत कोरं कार्पेट असेल तर का बदललं ते विचारा.

पुराच्या आधीची आणि नंतरची विमा पॉलिसीही मागा. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ३५ टक्क्यांवरून शून्यावर आला तर मधे क्लेम झालाय. मात्र बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे मालक बदलला तरी शून्य होतो. आरसीवरची नाव बदलल्याची तारीख जुळवून पाहा.

राऊवाली
काल संध्याकाळी जाऊन आलो. चावी ऑन करून थांबले, एअरबॅगचा दिवा विझेना. इंजिन चालू केलं आणि ऑइलच्या दिव्याबरोबर गेला! ह्यांनी मागचा बेल्ट ओढला तर वीतभर आत तपकिरी पट्टा. डीलर म्हणे, "चाय गिरी होगी." मागच्या दोन्ही बेल्टवर, एकाच उंचीला? जुनी पॉलिसी मागितली तर "निकलवानी पड़ेगी" सुरू झालं. निघून आलो.

आता कॉलनीतल्या एका काकांची गाडी आहे. एमपी ०९, पहिलाच मालक, नोव्हेंबर २०१९ ची, सीएनजी नंतर बसवलेला. यात काय बघू?

छप्पनवाला
चहावाला किस्सा भारी. बरं झालं सुटलात.

पाना_पेचकस
सीएनजी आरसीवर चढवलाय का ते आधी पाहा, नाहीतर क्लेमच्या वेळी विमा कंपनी हात वर करेल. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, तिचं सर्टिफिकेट मागा. काका स्वभावाने चांगले असतील, पण सिलिंडरला ते कळत नाही.

नोव्हेंबर २०१९ म्हणजे एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग असणारच. डाव्या सीटची नसेलही, कारण आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलांच्या नव्या गाड्यांना ती सक्ती डिसेंबर २०२१ च्या शेवटी आली. सासूबाई कुठे बसतात?

राऊवाली
पुढेच. मागे बसल्या की घाटात मळमळतं त्यांना. मग काकांना विचारून घेते.

पाना_पेचकस
विचारू नका, बघा. डाव्या बाजूला डॅशबोर्डवर एअरबॅगचं नाव कोरलेलं असतं. नसेल तर ती गाडी तुमच्या घरासाठी नाही. आणि टायरच्या बाजूवर कोरलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: ४५१९ असतील तर २०१९ च्या ४५व्या आठवड्याचे, म्हणजे गाडीबरोबर आलेले, रबर म्हातारं झालेलं. नक्षी कितीही शिल्लक असली तरी चार नव्या टायरचे पैसे भावातून कमी करून घ्या. ब्रेक ऑइल कधी बदललं तेही विचारा. ते हवेतलं पाणी ओढतं आणि घाटात तापलं की पेडल स्पंजासारखं होतं.