स्पीडबोटीचं चाक आपल्या हातात असताना शहर कसं दिसलं? अनुभव लिहा

खाडीकिनारी (धागा काढणारी)

सॅन डिएगोत राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. भारतातून पाहुणे आले की बंदराची तासाभराची फेरी ठरलेली. मोठी बोट, वरच्या डेकवर बाकं, हातात कॉफी आणि कर्ण्यातून माहिती. मागच्या ऑक्टोबरात धाकटा भाऊ आला आणि म्हणाला, "ताई, ही नको. ती छोटी घेऊ, आपण चालवायची."

ती छोटी म्हणजे दोन माणसांची, जेमतेम तेरा फुटांची स्पीडबोट. पुढे वाटाड्याची बोट आणि मागे बदकाच्या पिल्लांसारख्या आपल्या चार-पाच. निघण्याआधी अर्धा तास शिकवणी. चाक, थ्रॉटल म्हणजे वेगाचा दांडा, हाताच्या खुणा आणि मनगटाला अडकवायची लाल दोरी. आपण पाण्यात पडलो तर दोरीचं टोक खटक्यातून निसटतं आणि इंजिन जागच्या जागी बंद पडतं. ती दोरी मनगटावर आवळली तेव्हा पहिल्यांदा कळलं की आज आपण प्रवासी नाही.

बाहेर पडल्यावर पाचव्या मिनिटाला पुढची बोट अचानक हळू झाली. माझा उजवा पाय जोरात खाली दाबला गेला. तिथे नुसती फळी होती. पाण्यात ब्रेक नसतो, हे शिकवणीत ऐकलं होतं, पण पायाला ते तेव्हा समजलं. थ्रॉटल मागे ओढला की बोटीचं तोंड खाली बसतं आणि पाणीच तिला थांबवतं, आपल्या नाही, त्याच्या सवडीने.

कोरोनॅडोच्या पुलावरून मी शेकडो वेळा गाडीने गेले असेन. १९६९ साली खुला झालेला, साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीचा, निळा, वळणदार पूल. त्याच्या खालून जाताना मी बोट हळू केली. वर दोनशे फुटांवर गाड्या जात होत्या आणि सांध्यावरून चाक गेलं की 'टप-टप, टप-टप' असा आवाज खाली पाण्यापर्यंत येत होता. सावलीत शिरताच हवा गार झाली, अंगावर काटा आला. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "पूलच ना तो?" म्हणून हा धागा. कुणी कुठल्याही शहरात अशी बोट स्वतः चालवली असेल तर लिहा. भीती वाटली का? शहर दिसलं की फक्त पाणीच दिसलं? बारीकसारीक सगळं चालेल.

डेक कॅडेट

एकोणीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, आता किनाऱ्यावर नोकरी. बायको-मुलासोबत सॅन डिएगोत हीच सहल केली, म्हणून दोन गोष्टी आवर्जून लिहितो, कारण शिकवणीत त्या घाईत सांगितल्या जातात.

पहिली गोष्ट बोयांच्या, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या, रंगांची. अमेरिकेत समुद्रातून बंदराकडे येताना लाल बोया उजव्या हाताला ठेवायचा. आपल्याकडे नेमकं उलटं, लाल डावीकडे. मुंबईत शिकलेल्या माझ्या डोळ्यांना पहिली दहा मिनिटं हे खुपत होतं. तुम्ही भारतात किंवा दुबईत कधी बोट चालवली असेल, तर हे डोक्यात पक्कं करूनच निघा.

दुसरी वाटेच्या हक्काची. समोरून बोट आली तर दोघांनीही उजवीकडे सरकायचं. आडवी येणारी बोट तुमच्या उजव्या बाजूला असेल तर वाट तुम्ही द्यायची. मोठ्या जहाजाच्या बाबतीत मात्र हिशेब करतच बसू नका. त्याला खोल पाण्याची चिंचोळी वाट सोडून कुठे जाता येत नाही आणि त्याच्या नाकासमोरचं बरंचसं पाणी त्याच्या कॅप्टनला दिसतही नाही. तुमची तेरा फुटी बोट त्या पाण्यात शिरली की तुम्ही त्याच्यासाठी नाहीतच. भोंगा पाच वेळा तुटक वाजला तर अर्थ असा की 'तुझा काय विचार आहे ते मला कळत नाही'. तो ऐकल्यावर ताबडतोब वेग कमी करायचा.

नॉर्थ आयलंडच्या नौदल तळावर विमानवाहू जहाज उभं होतं. जवळजवळ ३३३ मीटर लांब. मुलगा म्हणाला, "बाबा, जवळ घ्या ना." नौदलाच्या जहाजापासून पाचशे यार्डांच्या आत अगदी हळू जायचं आणि शंभर यार्डांच्या आत जायचंच नाही, हा तिथला कायदा आहे. त्याला लांबूनच दाखवलं. त्याने मान वर करून एवढंच विचारलं, "हे तरंगतं कसं?" मी त्याला आर्किमिडीज सांगत बसलो आणि पुढची बोट दोनशे मीटर लांब गेली. वाटाड्याचा रेडिओवर ओरडा खाल्ला. बरोबरच होतं त्याचं.

सांगलीची शिक्षिका

मी एकसष्ट वर्षांची. पोहता येत नाही. कृष्णेच्या पुराचं पाणी घरात आलेलं पाहिलंय, त्यामुळे पाण्याबद्दल मनात धास्ती कायमची. मुलगा-सून सॅन डिएगोत, त्यांनी तिकिटं काढून ठेवलेली. त्यातच आदल्या डिसेंबरात, २०२४ मध्ये, मुंबई बंदरात नौदलाच्या वेगवान बोटीची घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीशी टक्कर होऊन माणसं गेली होती. ती दृश्यं डोळ्यांसमोरून हलत नव्हती. मी सांगितलं, मी धक्क्यावर बसते, तुम्ही जाऊन या.

सून काही बोलली नाही. लाईफ जॅकेट घेऊन आली, माझ्या अंगात घातलं, तिन्ही बक्कल स्वतः लावली आणि खांद्याचे पट्टे धरून मला वर ओढून पाहिलं. म्हणाली, "आई, हे कानांपर्यंत वर सरकलं असतं तर मीच तुम्हाला नाही म्हटलं असतं. सरकलं नाही. चला." त्या एका ओढीने माझा धीर परत आला. जॅकेट घातलं म्हणजे झालं असं नाही, ते ओढून पाहायचं असतं, हे मला तेव्हा कळलं.

अर्ध्या वाटेवर, शांत पाण्यात, तिने चाक माझ्या हातात दिलं. मी घट्ट धरलं तशी बोट डावी-उजवी नागमोडी जायला लागली. ती म्हणाली, "आई, पोळी लाटताना लाटणं धरता ना, तेवढंच धरा." मी बोटं सैल सोडली आणि बोट सरळ झाली. चाळीस वर्षं पोळ्या लाटल्या, पण ते ज्ञान समुद्रात कामी येईल असं कधी वाटलं नव्हतं.

त्या वेळी आमच्या उजव्या हाताला 'स्टार ऑफ इंडिया' नावाचं जुनं शिडाचं जहाज होतं. मुलाने नंतर माहिती दिली. १८६३ साली आयल ऑफ मॅन बेटावर बांधलेलं, लोखंडी, मूळ नाव 'युटर्पी'. त्याची सुरुवातीची सफर आपल्या कलकत्त्याची. दुसऱ्या सफरीत बंगालच्या उपसागरात ते वादळात सापडलं आणि परतीच्या वाटेवर कॅप्टन दगावला. पुढे न्यूझीलंडला माणसं नेत राहिलं आणि १९०६ मध्ये त्याला हे नाव मिळालं. मी शाळेत इतिहास शिकवला. पण कलकत्त्याहून परतलेलं जहाज माझ्यापासून हाकेच्या अंतरावर आणि माझ्या हातात चाक, तो क्षण मी अजून वर्गात कुणाला सांगू शकलेले नाही, निवृत्त झाले ना. म्हणून इथे सांगितलं.

वाळवंटातला कोल्हापुरी

आमचा अनुभव दुबईचा. आई-बाबा डिसेंबरात आले होते. इथेही वाटाड्याच्या मागून आपण चालवायच्या छोट्या बोटी मिळतात. बुर्ज अल अरब हॉटेल, पाम जुमेरा हे ताडाच्या झाडाच्या आकाराचं कृत्रिम बेट आणि त्यावरचं अटलांटिस हॉटेल असा फेरा.

सॅन डिएगोवाल्यांनो, तुमचं पाणी आडोशाचं. आमचं उघडं आखात. पामच्या बाहेरच्या कडेला, दगडी बांधापलीकडे गेलो की लाट सुरू होते. पुढच्या बोटीने उठवलेली लाट सरळ अंगावर घेतली तर बोट उडते आणि आपटते. मणक्याला दणका बसतो. तिरकी घ्यायची, वेग कमी करून, गुडघे सैल ठेवून. हे मी दोन दणके खाल्ल्यावर शिकलो. बाबांना पाठीचा त्रास आहे म्हणून पुढचा सगळा वेळ मी बैलगाडीसारखीच चालवली.

एक गोष्ट मला फार नवल वाटण्यासारखी. पाम पाण्यातून पामसारखा दिसतच नाही. अकरा किलोमीटरचा तो बांध म्हणजे नुसती दगडांची रास, संपतच नाही. आकार आकाशातून पाहणाऱ्यांसाठी आहे. बुर्ज अल अरबचं उलट. गाडीतून ती एक उंच इमारत वाटते. पाण्यातून ३२१ मीटरचं ते पांढरं शीड वाऱ्याने फुगलंय असं खरंच वाटतं. बाबा म्हणाले, "हे ज्यानं काढलं, त्यानं ते इथं बसून काढलं असणार."

तक्रारही लिहितो. पहिल्यांदा ठरवलं त्या दिवशी शमाल सुटला, म्हणजे वायव्येचा वारा. सहल रद्द. ते योग्यच. पण पैसे परत मिळवायला तीन आठवडे फोन करावे लागले. पैसे भरण्याआधी वाऱ्यामुळे रद्द झालं तर काय, हे लेखी घ्या. नुसतं तोंडी आश्वासन कामाचं नाही.

पोटात गोळा

माझं थोडक्यात. नवरा चालवत होता, मी शेजारी. मला बोट लागते. तासाभरात तीनदा मळमळलं, मग मी म्हटलं चाक मला दे. दिलं आणि मळमळ गेली. गाडी चालवणाऱ्याला घाटात लागत नाही, तसंच. ज्यांना लागते त्यांनी शेजारी बसूच नका.

खाडीकिनारी

@पोटात गोळा, हे माझ्या भावाच्या बाबतीतही झालं!

दोघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं म्हणून इथेच लिहिते. परवाना: कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून स्वतःची मोटारबोट चालवणाऱ्या सगळ्यांना, वय कितीही असो, बोटर कार्ड लागतं. भाड्याच्या बोटीला त्यातून सूट आहे, म्हणून पाहुण्यांना अडचण येत नाही. महिना: मे-जून टाळा. सकाळी समुद्रावरून ढग येऊन बसतात, दुपारपर्यंत हलत नाहीत, पलीकडचं कोरोनॅडोही धूसर दिसतं. सप्टेंबर-ऑक्टोबर सोन्यासारखे. कपडे: उन्हाळा असला तरी वाऱ्याचं जॅकेट घ्याच. पॅसिफिकचं पाणी गार, शिंतोडे उडाले की हुडहुडी भरते.

आणि पॉइंट लोमाच्या बाजूला, मासेमारीचं आमिष ठेवतात त्या तरंगत्या तराफ्यांवर समुद्रसिंह ऊन खात पडलेले असतात. आधी वास येतो, मग भुंकणं ऐकू येतं, मग दिसतात. इंजिन हळू ठेवा आणि लांबूनच बघा. एकाने हातातली बिस्किटं दाखवायला सुरुवात केली तेव्हा वाटाड्याने आमची सगळी रांग मागे घेतली. मला त्याचा अभिमान वाटला.

मालवणची पोर

सगळं वाचलं. मला लिहायचं की नाही हे दोन दिवस ठरत नव्हतं.

माझे बाबा मालवणला मासेमारी करतात. आधी रापणीवर होते, नंतर स्वतःची फायबरची होडी, मागे इंजिन. मी तांडेलाची मुलगी, पण होडीत मला फक्त बसायला मिळायचं, तेही सिंधुदुर्ग किल्ल्याच्या जत्रेला नाहीतर बाबांचा मूड असला तर. भाऊ बारा वर्षांचा असताना सुकाणू धरायला लागला. मी विचारलं की आजी म्हणायची, "चेडवांचा काम न्हय ता." बाबा काही म्हणायचे नाहीत, जाळं विणत बसायचे.

मागच्या सप्टेंबरात ऑफिसच्या कामाला सॅन डिएगोला गेले. रविवार मोकळा होता. एकटी होते, तरी बोट घेतली. वाटाड्याने विचारलं, आधी चालवली आहेस का? मी म्हटलं, नाही. तोंडातून 'नाही' निघताना घसा दाटला.

चाक हातात आलं आणि मला कुणी काही शिकवायची गरज पडली नाही. लाट तिरकी घ्यायची हे मला माहीत होतं. वळायच्या आधी मागे बघायचं हे माहीत होतं. पाण्याचा रंग बदलला की खाली उथळ आहे, हेही. बाबांच्या पाठीकडे बघत पंधरा वर्षं होडीत बसले होते, ते सगळं हातात उतरलं होतं. मिडवे या संग्रहालय झालेल्या विमानवाहू जहाजाच्या त्या प्रचंड भिंतीजवळून गेले तेव्हा सगळे फोटो काढत होते. मी पाण्याकडे बघत होते. जहाजाच्या आडोशाला पाणी गप्प होतं, आणि त्याची कड संपली तिथे बारीक सुरकुत्या सुरू झाल्या. वारा कुठून आहे ते तिथे कळलं.

रात्री बाबांना व्हिडिओ पाठवला. सॅन डिएगोची रात्र म्हणजे मालवणची सकाळ, होडी नुकतीच लागली असणार. बराच वेळ दोन निळ्या खुणा नुसत्याच. मग फोन आला. मला वाटलं विचारतील, कितीला पडली, एकटी कशाला गेलीस.

म्हणाले, "गो बाय, पाणी भरतीचा होता काय सुकतीचा?"

मी म्हटलं, "सुकती होती बाबा. पुलाच्या खांबावरची ओली रेघ वर दिसत होती, पाणी हातभर खाली."

पलीकडे थोडा वेळ शांत. मागे धक्क्यावरचा लिलावाचा गलका ऐकू येत होता. मग म्हणाले, "बरा. दिवाळीक येशीत तेव्हा इंजिनाची दोरी तू ओढ."

तिकीट काढलंय. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी पोचते.